शाळा आणि महाविद्यालय यांमधील वाट

माध्यमिक शाळेची शेवटची परीक्षा आणि महाविद्यालयातील पहिला दिवस यांमध्ये अवघ्या दोन-तीन महिन्यांचे अंतर असते. शहरातील सुस्थित कुटुंबातल्या मुलाला हा काळ सुट्टीचा वाटतो. परंतु ज्याच्या घरातील कोणीही आजवर महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा खेड्यातील मुलाच्या दृष्टीने हे दोन-तीन महिने कसोटीचे असतात. परीक्षेत चांगले गुण मिळवूनही पुष्कळ मुले येथेच थांबतात. काही पुढे जातात, पण पहिल्या वर्षातच माघारी फिरतात. विद्यार्थ्यांची महाविद्यालयासाठी तयारी करून घेणे याचा अर्थ सर्वसाधारणपणे त्यांची परीक्षेची तयारी करून घेणे असा केला जातो. ही तयारी आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु ती निम्मीच तयारी होय. उरलेली निम्मी तयारी चार गोष्टींची आहे: राहण्याजेवण्याची सोय, शिक्षणाची भाषा, प्रश्न विचारण्याची सवय आणि वाट ठाऊक असलेल्या एखाद्या माणसाचा आधार. ही दुसरी तयारी विद्यार्थ्याने एकट्याने करावी अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. तो भार शाळेने आणि समाजानेही उचलावयाचा असतो, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

या विवेचनासाठी बंगळूर शहराचे उदाहरण निवडण्यास कारण आहे. आज बेंगळुरू या अधिकृत नावाने ओळखले जाणारे हे शहर दीडशे वर्षांहून अधिक काळ आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतील मुलांना शिक्षणासाठी आपल्याकडे ओढत आले आहे. तेथे १८५८ साली एक सरकारी हायस्कूल स्थापन झाले आणि त्याचेच रूपांतर पुढे १८७५ साली सेंट्रल कॉलेजात झाले. म्हणजे शाळा आणि महाविद्यालय यांचा संबंध त्या संस्थेच्या इतिहासातच गुंफलेला आहे. या सेंट्रल कॉलेजात सुमारे साठ वर्षांच्या अंतराने शिकून गेलेल्या दोन विद्यार्थ्यांची हकीकत प्रस्तुत विषयावर पुष्कळ प्रकाश टाकते. दोघेही आज चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात मोडणाऱ्या प्रदेशातले. दोघेही पुढे मोठे झाले. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या मोठेपणाचा नसून, त्यांना बंगळुरात पाय रोवणे कशामुळे शक्य झाले याचा.

पहिला विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८६१ साली मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. लहान वयातच पितृछत्र हरपले. बंगळुरात त्यांचे मामा होते, त्यांचा आधार त्यांना मिळाला. तरीही शिक्षणाचा खर्च भागेना, म्हणून एका कुटुंबातील मुलांची शिकवणी करून त्यांनी आपला निर्वाह केला आणि १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून पदवी मिळविली. त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी येऊ शकले. १८८३ साली अंतिम परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांनी केलेले काम आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसविलेली स्वयंचलित दारे यांची माहिती महाराष्ट्रातील वाचकाला आहेच. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, मामांचे घर, शिकवणीचे उत्पन्न आणि सरकारी शिष्यवृत्ती या तीन आधारांपैकी एक जरी नसता, तरी एक बुद्धिमान विद्यार्थी मुद्देनहळ्ळी आणि पुणे यांच्यामध्ये कोठेतरी हरवून गेला असता.

दुसरा विद्यार्थी म्हणजे होसूर नरसिंहय्या. हे नाव महाराष्ट्रात फारसे परिचित नाही. परंतु बंगळूरच्या शैक्षणिक जीवनात डॉ. एच्. नरसिंहय्या हे नाव आजही आदराने घेतले जाते. १९२० साली गौरीबिदनूर तालुक्यातील होसूर या खेड्यात एका अत्यंत गरीब कुटुंबात ते जन्मले. त्या भागात हायस्कुलाची सोय नव्हती. १९३५ साली पुढील शिक्षणासाठी बंगळूर गाठण्याचे त्यांनी ठरविले, पण प्रवासाच्या भाड्याचे पैसे नव्हते. तेव्हा सुमारे पन्नास मैलांचे अंतर हा पंधरा वर्षांचा मुलगा पायी चालून गेला आणि बसवनगुडी भागातील नॅशनल हायस्कुलात दाखल झाला. ॲनी बेझंट यांनी चालविलेल्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून १९१७ साली ही शाळा निघाली होती. तेथून ते सेंट्रल कॉलेजात गेले. भौतिकशास्त्राचा अभ्यास चालू असतानाच १९४२ च्या आंदोलनात त्यांनी उडी घेतली व कारावास भोगला. सुटकेनंतर त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १९४६ साली ते नॅशनल कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. पुढे अमेरिकेत ओहायओ स्टेट विद्यापीठात अणुकेंद्रीय भौतिकशास्त्राचे अध्ययन करून १९६० साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर ते नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९७२ ते १९७७ या काळात बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८४ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले. ते अविवाहित होते. प्राचार्य असताना काय किंवा नंतर काय, त्यांचे वास्तव्य कॉलेजच्या वसतिगृहातील एका साध्या खोलीतच असे. २००५ साली त्यांचे निधन झाले.

पन्नास मैलांच्या या पायपिटीची कथा बंगळुरात पुष्कळदा सांगितली जाते. महाराष्ट्रातही तिच्या जातीची एक कथा आहे. धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत असताना परीक्षेला बसण्यासाठी कोकणातील मुरूडहून सह्याद्रीचा घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते. परंतु तेथे पोहोचल्यावर, वय कमी दिसते या कारणास्तव, त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. या दोन्ही कथा विद्यार्थ्यांना जिद्दीचा धडा म्हणून सांगितल्या जातात आणि ते योग्यच आहे. तथापि त्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांतून आणखी एक गोष्ट निघते. चालण्याची जिद्द दोन्ही मुलांत सारखीच होती. एकासमोर दार उघडले, दुसऱ्यासमोर त्या वेळेपुरते तरी बंद झाले. विद्यार्थ्याच्या हाती चालणे असते. दार उघडणे हे दाराच्या आतल्या माणसांच्या हाती असते. म्हणून जिद्दीच्या कथा सांगताना शिक्षकांनी व पालकांनी स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा की, दार उघडे ठेवण्यासाठी आपण काय केले?

या दोन कथांविषयी आणखी एक विचार मनात येतो. पायी निघालेल्या मुलांच्या कथा आढळतात. पायी निघालेल्या मुलींच्या आढळत नाहीत. मुलींमध्ये जिद्द कमी होती असा याचा अर्थ खचितच नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला पन्नास मैल एकटीने चालून जाण्यास कोणी परवानगी दिली नसती, आणि ती गेली असती तरी तिला ठेवून घेणारे वसतिगृह सापडणे कठीण होते. अंतर सर्वांना सारखेच असते, पण ते सर्वांना सारखे आड येत नाही. मुलींसाठी आणि अत्यंत गरिबांसाठी ते शिक्षणाचा शेवटच ठरते. नरसिंहय्यांच्या कार्याचा जो भाग इतरांहून कमी गाजला तो या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ज्या संस्थेत ते शिकले व शिकवीत राहिले त्या नॅशनल एज्युकेशन सोसायटीच्या द्वारा त्यांनी गौरीबिदनूर आणि बागेपल्ली अशा मागासलेल्या तालुक्यांत शिक्षणसंस्था उभ्या राहण्यास मदत केली. ज्या रस्त्याने त्यांना पायी जावे लागले, तो पुढच्या पिढीसाठी त्यांनी आखूड केला. विद्यार्थ्यांच्या तयारीचा हा एक मार्ग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: विद्यार्थ्याला महाविद्यालयापर्यंत नेता येते, तसे महाविद्यालयही विद्यार्थ्यापर्यंत आणता येते.

आता आरंभी उल्लेखिलेल्या चार गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे. पहिली गोष्ट राहण्याजेवण्याची. जुन्या म्हैसूर संस्थानात गरीब विद्यार्थी आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका घरी जेवत असत. या पद्धतीला कन्नडमध्ये ‘वारान्न’ म्हणतात. मराठी वाचकाला तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही; पुण्यात वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा सर्वश्रुत आहे. या पद्धतीने अनेकांचे शिक्षण झाले हे खरे. परंतु तिला जातीची मर्यादा होती. ज्यांना कोणाच्या स्वयंपाकघराजवळ फिरकता येत नव्हते त्यांना वार कोण देणार? म्हणूनच वसतिगृहांची चळवळ ही शिक्षणाच्या इतिहासातील एक क्रांतिकारक घटना मानली पाहिजे. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी केली. बंगळुरातही विसाव्या शतकाच्या आरंभी गुब्बी तोटदप्पा या दानशूर व्यापाऱ्याने रेल्वे स्थानकाजवळ धर्मशाळा बांधली आणि विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय केली. १९०६ साली स्थापन झालेल्या वक्कलिगर संघानेही शेतकरी समाजातील मुलांसाठी असेच कार्य हाती घेतले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू, जेवू व काम करू लागली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी स्थापिलेल्या विद्यार्थी सहायक समितीने ग्रामीण भागातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न नेमका ओळखला.

वसतिगृहाचा लाभ केवळ छप्पर आणि दोन वेळचे जेवण एवढ्यापुरता नसतो. तेथे राहणारा मुलगा दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडून जुनी पुस्तके मिळवितो, कोणत्या अध्यापकाकडे शंका घेऊन जावे हे त्याच्याकडून समजून घेतो, आणि आपल्याला जे अवघड जाते ते इतरांनाही गेले होते हे त्याला कळते. हे शेवटचे ज्ञान फार मोलाचे आहे. पहिल्या सहामाहीत नापास झालेला खेड्यातील मुलगा, ‘आपली पात्रताच नाही’ अशी स्वतःची समजूत करून घेतो. त्याच खोलीत राहणारा, मागल्या वर्षी नापास होऊन या वर्षी पुढे गेलेला सोबती त्याला जे सांगू शकतो ते कोणतेही मार्गदर्शक पुस्तक सांगू शकत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. गौरीबिदनूरचा प्रदेश आंध्रच्या सीमेला लागून असल्याने तेथे घरोघरी तेलुगू बोलली जाते. शाळेची भाषा कन्नड. आणि विज्ञानशाखेच्या उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी. या भागातील मुलाला सोळाव्या वर्षापर्यंत तीन भाषांचे उंबरे ओलांडावे लागतात. हीच स्थिती बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी मुलांची आहे. कर्नाटकाची दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून देता येते. परंतु तेथून पुढे विज्ञानाचा अभ्यास इंग्रजीतून करावयाचा आणि बंगळूरसारख्या शहरात दैनंदिन व्यवहार कन्नडमधून करावयाचा, अशी दुहेरी कसरत त्यांना करावी लागते. शाळेत ‘वेग’, ‘त्वरण’, ‘घनता’ या संज्ञा उत्तम रीतीने समजलेला विद्यार्थी महाविद्यालयात ‘व्हेलॉसिटी’, ‘ॲक्सिलरेशन’, ‘डेन्सिटी’ हे शब्द ऐकतो आणि आपल्याला काहीच येत नाही असे समजतो. वस्तुतः त्याला विषय येत असतो. अडलेले असतात ते केवळ दोन-तीनशे शब्द.

म्हणून भाषेच्या तयारीसाठी मातृभाषेतील शिक्षण सोडून देण्याची मुळीच आवश्यकता नाही. संकल्पना ज्या भाषेत पक्की झाली, त्या भाषेतील पाया बळकट राहू देऊन वर दुसरी भाषा चढविणे हेच शहाणपणाचे. दहावीच्या वर्षात विज्ञान व गणित यांतील प्रत्येक संज्ञा मुलांनी दोन्ही भाषांत वहीत लिहून ठेवावी, एवढा साधा परिपाठ शाळेने ठेवला तरी पहिल्या सहामाहीचे निम्मे दडपण नाहीसे होते. त्याच्या जोडीला आणखी एक कौशल्य शिकवावयास हवे. शाळेत शिक्षक फळ्यावर लिहितात आणि मुले ते उतरवून घेतात. महाविद्यालयात अध्यापक बोलत राहतो आणि विद्यार्थ्याने ऐकता ऐकता सार टिपून घ्यावयाचे असते. ही कला आपोआप येत नाही. आठवड्यातून एक तास शिक्षकाने फळ्याचा उपयोग न करता वीस मिनिटे बोलावे, मुलांनी टिपणे घ्यावीत आणि मग सर्वांची टिपणे एकमेकांशी ताडून पाहावीत. यास कसलाही खर्च येत नाही.

तिसरी गोष्ट प्रश्न विचारण्याच्या सवयीची. या बाबतीत बंगळूरचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. १९६२ साली नरसिंहय्यांनी नॅशनल कॉलेजात बंगळूर सायन्स फोरम ही संस्था सुरू केली. दर बुधवारी सायंकाळी विज्ञानविषयक व्याख्यान आणि दर वर्षी जुलै महिन्यात विज्ञान महोत्सव असा तिचा कार्यक्रम ठरून गेला. ज्या शहरात १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था आहे, त्या शहरात नामवंत वैज्ञानिकांची वाण नव्हती. परंतु त्यांच्या प्रयोगशाळा आणि बसवनगुडीतील सामान्य मुलगा यांच्यामध्ये मोठे अंतर होते. फोरमने ते अंतर बुधवारच्या एका तासापुरते पुसून टाकले. शाळेतला मुलगा, महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि सेवानिवृत्त गृहस्थ एकाच सभागृहात शेजारी बसून संशोधकाचे बोलणे ऐकू लागले.

‘का?’ आणि ‘कशावरून?’ हे दोन प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडी सदैव असावेत असा नरसिंहय्यांचा आग्रह असे. त्यांच्या एका लेखसंग्रहाचे नाव ‘तेरेद मन’ म्हणजे ‘उघडे मन’ असे आहे. कुलगुरू असताना १९७६ साली चमत्कार व अंधश्रद्धा यांच्या तपासणीसाठी त्यांनी समिती नेमली, तेव्हा बराच वादंग माजला. त्या वादाच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मात्र जो विद्यार्थी वर्गात शंका विचारण्यास कचरतो, तो पुढे नोकरीच्या ठिकाणी चुकीच्या आदेशासमोर, सावकाराच्या कागदासमोर आणि अफवेसमोरही गप्पच राहतो, ही जाणीव त्यामागे होती. प्रश्न विचारण्याची सवय ही महाविद्यालयीन यशाची किल्ली तर आहेच, पण त्याहून अधिक ती नागरिकत्वाची पूर्वतयारी आहे. ही सवय अठराव्या वर्षी लावू म्हटले तर लागत नाही. शाळेत प्रश्न विचारल्याबद्दल ज्याची टिंगल झाली, तो महाविद्यालयाच्या शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात हात वर करणार नाही.

चौथी गोष्ट म्हणजे वाट ठाऊक असलेल्या माणसाचा आधार. सुशिक्षित घरातील मुलाला हा आधार न मागता मिळतो. कोणती शाखा घ्यावी, अर्जाची मुदत केव्हा संपते, शिष्यवृत्तीला कोणते दाखले लागतात, हे त्याच्या घरातील बोलण्यातूनच त्याला कळत असते. ज्याच्या घरी ही बोलणी होत नाहीत, त्याला एकेका गोष्टीसाठी हेलपाटे घालावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांपैकी एखादा कागद वेळेवर न मिळाल्याने हुशार विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाते, हा अनुभव कर्नाटकात आणि महाराष्ट्रात सारखाच आहे. शासनाने सवलती दिलेल्या नाहीत असे मुळीच नाही. म्हैसूर संस्थानात १९१८ साली मिलर समिती नेमण्यात आली, तेव्हापासून मागासलेल्या वर्गांच्या शिक्षणाचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे आहे. देवराज अरस यांच्या कारकिर्दीत १९७२ साली नेमलेल्या हावनूर आयोगाने १९७५ मध्ये दिलेल्या अहवालाने त्याला नवी दिशा दिली. पुढे १९९४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षेची पद्धत आली, तीतही ग्रामीण भागात आणि कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी काही जागा राखण्यात आल्या. परंतु सवलत कागदावर असणे आणि ती मुलाच्या हाती पडणे यांत अंतर राहतेच. ते भरून काढण्यासाठी कोणीतरी एक माणूस लागतो.

या सामाईक परीक्षेचा आणखी एक परिणाम नोंदवावयास हवा. तिच्यामुळे प्रवेशात पारदर्शकता आली. परंतु त्याचबरोबर दहावीनंतरची दोन वर्षे शिकवणीवर्गांच्या ताब्यात गेली. जी दोन वर्षे विद्यार्थ्याने वाचनात, प्रयोगात, भाषा कमावण्यात आणि स्वतःचा कल ओळखण्यात घालवावयाची, ती पर्यायांच्या चौकटी काळ्या करण्याच्या सरावात जाऊ लागली. ज्यांच्या पालकांना या वर्गांचे शुल्क परवडते त्यांची मुले पुढे जातात. ज्यांना परवडत नाही ते पालक कर्ज काढतात किंवा मुलाला दुसऱ्या वाटेला लावतात. पहिल्या प्रकारच्या मुलांचेही यात नुकसानच होते. प्रवेश मिळविण्याची विद्या आणि प्रवेश मिळाल्यावर शिकण्याची विद्या या दोन भिन्न विद्या आहेत, हे त्यांना महाविद्यालयात गेल्यावर उमजते.

महाविद्यालयानंतरच्या जीवनाचा विचार करतानाही बंगळूरचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. १९४० साली तेथे विमानांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दूरध्वनी यंत्रांचा, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्सचा आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा उद्योग उभा राहिला. त्या काळी सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात उमेदवारी मिळाली की जन्माचे कल्याण झाले असे पालक मानीत, आणि पुष्कळ अंशी ते खरेही होते. मनगटावर एचएमटीचे घड्याळ असणे ही दोन पिढ्यांच्या दृष्टीने प्रतिष्ठेची खूण होती. परंतु १९८० नंतर शहराचे रूप पालटू लागले. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथे आपले केंद्र उघडले. पाहता पाहता संगणकाचा व्यवसाय हाच शहराचा चेहरा झाला. आणि २०१६ पर्यंत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंदही पडला.

यातून निघणारा निष्कर्ष उघड आहे. सोळा वर्षांच्या मुलाला ‘अमुक एका धंद्यात नक्की भविष्य आहे’ असे खात्रीने सांगणारा सल्लागार त्याची दिशाभूल करीत असतो. कारण तो मुलगा चाळिशीला पोहोचेल तेव्हा तो धंदा कोणत्या रूपात असेल हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या कारागिराने कारखान्यात लेथ चालविताना गणित, नकाशावाचन आणि मोजमापातील काटेकोरपणा आत्मसात केला, त्याला नव्या यंत्राकडे वळणे त्या मानाने सोपे गेले. ज्याने केवळ एकच हालचाल शिकून घेतली त्याचे कठीण झाले. तेव्हा एका नोकरीसाठी मूल तयार करण्यापेक्षा पुन्हा पुन्हा शिकू शकणारे मूल तयार करणे अधिक सुरक्षित होय. उत्तम वाचता येणे, स्वच्छ लिहिता येणे, हिशेब ठेवता येणे, अनोळखी माणसाशी सभ्यपणे व निर्भयपणे बोलता येणे आणि चुकले तर पुन्हा सुरुवात करता येणे, ही शिदोरी कोणत्याही काळात कालबाह्य होत नाही. शिवाय सर्वांनीच पदवी घेतली पाहिजे असेही नाही. तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण किंवा उमेदवारी हे मार्ग नापासांसाठी आहेत अशी जी समजूत समाजात पसरली आहे, ती दूर करणे हेही शाळेचेच काम आहे.

प्रत्यक्षात एखाद्या माध्यमिक शाळेने काय करावे? फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. दहावीच्या वर्षाच्या आरंभीच प्रत्येक विद्यार्थ्याला लागणाऱ्या दाखल्यांची यादी करून ते दिवाळीपूर्वी मिळवून ठेवण्याची जबाबदारी एका शिक्षकाकडे सोपवावी. वर्षातून एकदा सर्व मुलांना जवळच्या महाविद्यालयात नेऊन तेथील ग्रंथालय, प्रयोगशाळा, कचेरी आणि वसतिगृह दाखवून आणावे. एकदा पाहिलेल्या इमारतीचे भय निम्मे कमी होते. या भेटीला पालकांना, विशेषतः मुलींच्या आईवडिलांना, अवश्य बरोबर न्यावे. मुलगी कोठे राहणार, कोणाबरोबर जेवणार, संध्याकाळी किती वाजता दार बंद होते, हे डोळ्यांनी पाहिलेली आई तिच्या शिक्षणाला सहसा विरोध करीत नाही. शाळेतून पूर्वी बाहेर पडून महाविद्यालयात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस बोलावून नव्या विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलू द्यावे. त्या वेळी शिक्षकांनी शक्यतो दूरच राहावे. स्वतःचे कपडे धुणे, साधा स्वयंपाक करणे, महिन्याचे पैसे महिनाभर पुरविणे, आजारी पडल्यास कोठे जावयाचे हे ठाऊक असणे, या गोष्टी अभ्यासक्रमात नसल्या तरी तयारीत मोडतात. आणि शाळा सोडून गेलेल्या मुलाला पहिल्या वर्षात निदान दोन पत्रे लिहिण्याचा किंवा आजच्या काळात दोनदा फोन करण्याचा नेम शाळेने ठेवावा. जो मुलगा महाविद्यालय सोडण्याच्या विचारात असतो, तो बहुधा कोणी विचारावे म्हणून थांबलेला असतो.

गावोगावच्या ग्रंथालयांनाही यात वाटा उचलता येईल. अभ्यासासाठी एक शांत खोली, महाविद्यालयीन पुस्तकांचा एक छोटा संच, शिष्यवृत्तीच्या जाहिराती लावण्यासाठी एक फलक आणि महिन्यातून एखादे व्याख्यान एवढे करणे लहान ग्रंथालयाच्याही आवाक्यातले आहे. बंगळूरच्या बुधवारच्या व्याख्यानांचा आरंभही एका महाविद्यालयाच्या आवारात, साध्या साधनांनीच झाला होता. ती टिकून राहिली याचे रहस्य इतकेच की, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दार उघडले जाई.

नरसिंहय्यांच्या चरित्रातील एक साधी वस्तुस्थिती अखेरीस ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ते कुलगुरू झाले, देशभर त्यांचा सन्मान झाला, तरी ते विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच राहिले. खेड्यातून नुकत्याच आलेल्या मुलाला अडचण सांगण्यासाठी पंधरा-वीस पावलांवर, त्याच वाटेने पूर्वी चालून आलेला एक मोठा माणूस सापडत असे. प्रत्येक गावाला नरसिंहय्या लाभतील असे नाही. परंतु प्रत्येक शाळेत निदान एक शिक्षक असा असू शकतो की, दहावीचा निकाल लागल्यानंतरही ज्याचे काम संपत नाही. विद्यार्थ्यांच्या तयारीचा आरंभ त्या शिक्षकापासून होतो.